आईचा बंब आणि घराचा विमा

आमचं घर कोपरखैरण्याला होतं. एका ओळीत वीसेक बैठी घरं, त्यातलं शेवटून तिसरं. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत चार-पाच पावलांची मोकळी जागा. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या जागेवर बांबू, पत्रा आणि जुनी ताडपत्री घालून आडोसा केला होता. त्या आडोशात आईचा तांब्याचा बंब होता.

आई-आबा साताऱ्याकडचे. आबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये तोलणार होते. गोणी काट्यावर चढवायची, वजन ओरडून सांगायचं, उतरवायची. पहाटे जायचे, दुपारी यायचे. येताना फळांच्या मार्केटवरून फेरी मारून मोडक्या पेट्यांच्या फळ्या डोक्यावर घेऊन यायचे. कुणी त्याचे पैसे घेत नसे, उलट गाळा साफ होतो म्हणून गाळेवाल्यांना बरंच वाटायचं. त्या फळ्यांवर बंब पेटायचा. आंब्याच्या दिवसांत धुराला गोडसर वास यायचा. राखेत खिळे उरायचे. आई ते वेचून एका डब्यात ठेवायची आणि ओळीत कुणाला चौकट ठोकायची असली, कॅलेंडर लावायचं असलं, की तो डबा मागायला लोक यायचे.

बंब आईच्या माहेरचा. लग्नात मिळालेला. मुंबईत मशिदीजवळच्या खोलीत आम्ही राहत होतो तेव्हा तो पेटवायला जागा नव्हती, म्हणून दहा वर्षं माळ्यावर उलटा पडून होता. नवी मुंबईत घर मिळालं त्या आठवड्यात आईने पहिलं सामान काय लावलं, तर बंब. देवसुद्धा दुसऱ्या दिवशी मांडले.

आमच्या ओळीत नवी नवी लग्नं झालेली बरीच जोडपी होती. बाळंतपणं व्हायची. कुणाची सासू गावाला, कुणाची आई कोकणात, बाळाला अंघोळ घालणार कोण? आई घालायची. कधी, कुणापासून सुरू झालं ते मला आठवत नाही. सकाळी आठ-साडेआठला टॉवेलात गुंडाळलेलं बाळ घेऊन कुणीतरी मागच्या दाराने यायचं. आई पाटावर पाय लांब करून बसायची, बाळाला पायांवर पालथं घ्यायची. तेल, मग हळद-बेसन, मग पाणी. पाणी अंगावर घालण्याआधी ती नेहमी बोटं बुडवून बघायची. मग कोपर बुडवायची. मग पुन्हा बोटं. बंबाचं पाणी तिला नजरेनेच कळत असणार, पण हात घातल्याशिवाय तिने एक तांब्याही ओतला नाही. अंघोळ झाली की बंबातले दोन निखारे सांडशीने काढून त्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकायची आणि त्या धुरीवरून बाळाला फिरवायची. बाळ तिथल्या तिथे झोपायचं. "घे, आता दुपारपर्यंत हालत न्हाय," असं म्हणून ती ते परत द्यायची. ती एवढी खूश दुसऱ्या कुठल्या वेळी दिसल्याचं मला आठवत नाही.

शेजारी एक काकू राहायच्या, कोपरखैरण्याच्या मूळ गावातल्या, आगरी. त्यांच्या सुनेची दोन्ही मुलं आईच्याच पायांवर न्हाली. त्या आईला म्हणायच्या, "तुज्या हातात बाय काय हाय कुनास ठाव, पोर रडतच नाय." आई लाजायची.

मी तेव्हा बी.कॉम. होऊन वाशीला एका विमा कंपनीच्या शाखेत लागले होते. टायपिंग आणि फाइलिंग. कामाचं टेबल आगीच्या विभागात. कारखाने, गोदामं, दुकानं यांच्या पॉलिसी मी दिवसभर टाइप करायचे. आमच्या अख्ख्या नात्यात टेबल-खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. आबा मार्केटमध्ये सांगत फिरायचे. आई मला रोज डब्यात दोन भाज्या द्यायची, कारण ऑफिसात सगळे डबे उघडून एकत्र बसतात हे मी तिला सांगितलं होतं.

नोकरीला वर्ष झालं आणि घरावर एक मजला चढवायचं ठरलं. ओळीत सगळेच चढवत होते. माझ्या पगारावर कर्ज मिळत होतं, पण बँकेची अट होती की घराचा आगीचा विमा हवा. मला हसूच आलं. रोज दुसऱ्यांच्या पॉलिसी टाइप करते, आता आपल्या घराची करायची. फॉर्म घरी आणला. इंग्रजीत होता, मी आई-आबांना मराठीत वाचून दाखवत होते. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, वायरिंग किती जुनं. पुढे प्रश्न होता, घराला लागून कच्चं बांधकाम आहे का, तिथे जळाऊ माल साठवता का, विस्तव वापरता का.

मी पेन उचललं आणि म्हटलं, "इथे नाही लिहिते."

आबा जेवत होते. घास हातात ठेवून म्हणाले, "न्हाय कशापायी? हाय की. बंब हाय, लाकडं हायती."

"आबा, लिहिलं की दर वाढतो."

"वाढू दे. खोटं लिवू नगंस. उद्या काय झालं तर तुझ्याच हापिसातली मानसं यायची बघाया."

ते बरोबरच होतं. मी 'होय' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी फॉर्म आमच्या साहेबांपुढे ठेवला. साहेब चांगला माणूस. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "अहो, तुमच्याकडे अजून लाकडं जाळतात?" त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. पण शेजारच्या टेबलावरची मुलगी वळून बघायला लागली. ती चेंबूरची, छान राहायची. "अय्या, बंब? खरंच? आम्ही लहानपणी गावी बघितलाय. मग तू रोज सकाळी धुरात अंघोळ करतेस?" असं म्हणून ती हसली. कॅशियर हसले. मीही हसले. आणि हसता हसता म्हणाले, "छे, छे. ते आम्ही काढणारच आहोत. आईचं आपलं जुनं काहीतरी."

असं मी म्हणाले. घरात कुणीही काहीही काढायचं ठरवलं नव्हतं.

साहेब त्याच आठवड्यात तुर्भ्याला एका कारखान्याच्या तपासणीला निघाले होते, तेव्हा जाता जाता आमचं घरही बघून गेले. आईने पोहे केले. साहेबांनी मागे जाऊन आडोसा बघितला, लाकडांचा ढीग बघितला, बंबापाशी वाकून म्हणाले, "काय सुंदर चकचकीत ठेवलाय हो." मग मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघा, कच्चं शेड भिंतीला चिकटून, त्यात लाकडं, रोजचा विस्तव. नियमाने दर जास्त लागणार. पण फार नाही लागणार. ठेवायचं तर ठेवा, भरा थोडं जास्त. काढलंत तर साध्या दरात बसेल. तुम्ही घरात ठरवा."

वर्षाला जो फरक पडणार होता त्यात एक सुती साडी आली असती, तीही सेलमधली. आबा लगेच म्हणाले, "भरू की. तिचा बंब हाय त्यो."

मी म्हणाले, "दर वर्षी भरायचा, आबा. कर्ज फिटेपर्यंत. आणि आता वर मजला होणार, तिथे धूर जाणार. लोक गीझर लावतात आता. गीझर नंतर लावू, तोपर्यंत रॉड आणू. बटण दाबलं की पाणी गरम. आईला किती त्रास होतो ते बघा ना. पहाटे उठून फुंकत बसायचं."

आबा आईकडे बघायला लागले. ती भांडी पुसत होती. मला वाटलं ती नाही म्हणेल. मी वादाची तयारीसुद्धा केली होती.

"काढ की," ती म्हणाली. "मलाबी धुराचा कटाळाच आलाय. डोळं चुरचुरत्यात."

मला किती हलकं वाटलं! तिने एका वाक्यात सगळं सोपं करून टाकलं होतं.

रविवारी भंगारवाल्याला बोलावलं. सकाळी मी उठून मागे गेले तर आई बंब घासत होती. चिंच आणि राख घेऊन, तोटीच्या खाचेत काडी घालून घालून. मी म्हटलं, "अगं, तो वितळवणार आहे. कशाला घासतेस?" ती म्हणाली, "देताना असा काळा द्यायचा व्हय?" आणि घासत राहिली. आत कोळसा बसलेली नळीसुद्धा तिने धुतली. भंगारवाला आला तेव्हा ती समोरच्यांकडे पीठ मागायला गेली. घरात पीठ होतं. आबांनी बंब उचलून त्याच्या काट्यावर ठेवला, काट्यावरचं वजन बघितलं आणि त्याने दिले तेवढे पैसे घेतले. तीस वर्षं वजनं सांगणारा माणूस. काटा कमी दाखवत होता हे त्यांना उचलतानाच कळलेलं असणार.

आडोसा दुसऱ्या दिवशी उतरवला. राहिलेल्या फळ्या आबांनी ओळीच्या टोकाला इस्त्रीवाल्याला दिल्या.

रॉड मी वाशीच्या दुकानातून आणला. चांगला बघून आणला. त्याला तीन पिनांचा प्लग होता आणि आमच्या मागच्या दाराशी जुना दोन पिनांचा सॉकेट. ओळीतल्या वायरमनने प्लग कापून दुसरा बसवून दिला. त्याने विचारलं होतं, "ताई, अर्थिंग नाही येणार मग, चालेल ना?" मी म्हटलं, "मजला चढवताना सगळं वायरिंग नवीनच करायचंय. तोपर्यंत चालवा." आगीच्या विभागात काम करणारी मी. शॉर्ट सर्किट हा शब्द दिवसातून दहादा टाइप करणारी.

आईला मी नीट शिकवलं. आधी बादली भरायची, मग रॉड अडकवायचा, मग बटण. पाणी बघायचं असेल तर आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मगच हात. तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. ती शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली, "बटन बंद, पलग काडायचा, मंग हात." आणि दोघी हसलो.

प्लॅस्टिकच्या बादलीचं बूड दोनच दिवसांत रॉड टेकून वितळलं. मग ती तिची पितळी बादली वापरायला लागली.

पॉलिसी मीच टाइप केली. साध्या दराने. साहेबांनी सही केली, चेंबूरच्या मुलीने पेढे मागितले, मी आणले. बँकेने पैसे दिले. वरच्या मजल्याच्या सळया उभ्या राहिल्या.

घरात सोय झाली, यात काही खोटं नाही. मी सात वाजता उठायला लागले. पण बाळं यायची थांबली. एका बादलीत बाळाची अंघोळ होत नाही, दुसरी तापेपर्यंत पहिली निवते. धुरीला निखारे नाहीत. दोघी-तिघी बायका आल्या, एक-दोनदा अंघोळ झाली, मग त्या आपापल्या घरी घालायला लागल्या. आई सकाळी आठ वाजता मागच्या दारात उभी राहायची. मी ऑफिसला निघताना ती तिथे दिसायची, हात पदराला पुसत. हात कोरडेच असायचे. मी विचारलं, "काय गं?" तर म्हणायची, "कुठं काय. सुटल्यासारखं वाटतंय." मी तेही खरं धरलं.

असे पाच-सहा महिने गेले. जानेवारीत शेजारच्या काकूंची मुलगी उरणहून बाळंतपणाला आली होती. तिला मुलगी झाली. बाराव्या दिवशी काकू आईकडे आल्या आणि म्हणाल्या, "मी कुनाच्या हातात नाय देनार. तूच घाल. पानी मी घरून तापवून आनीन एक हंडा, तू एक तापव."

आईने त्याच संध्याकाळी बेसन दळून आणलं. दुकानात तयार मिळतं, पण तिला ते चालत नसे. पाट धुतला, टॉवेल उकळून वाळत घातले. मला म्हणाली, "उद्या जरा लवकर आवर, मागं गर्दी हुईल."

सकाळी आबा कामावर गेलेले. मी पुढच्या खोलीत आरशासमोर केस विंचरत होते. मागे काकू, त्यांची मुलगी आणि बाळ. बाळ आईच्या पायांवर अजून दिलेलं नव्हतं, ते त्याच्या आईच्या मांडीवर होतं. माझी आई बादलीपाशी उकिडवी बसली होती. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. आई काकूंच्या मुलीला सांगत होती, "पानी असं पायजे, की आपल्याला वाटलं पायजे थंड हाय आनि बाळाला वाटलं पायजे ऊन हाय." नंतर ती "बघू" म्हणाली.

"बघू" एवढंच. मग बादली आपटल्याचा आवाज आला.

मी धावले तेव्हा काकू दोन्ही हात पसरून माझ्या आड आल्या. "तिला हात लावू नको गो पोरी! वीज हाय! बटन, बटन!" मी बटण बंद केलं. आई कुशीवर पडली होती, उजवा हात अजून पितळी बादलीच्या काठावर. पाणी सगळीकडे. बाळ रडत होतं. मी आईला ओढलं, हाका मारल्या, छातीवर काय काय केलं, मला काहीच येत नव्हतं. ओळीतल्या माणसांनी रिक्षात घातलं. माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं आणि तिचे केस ओले होते. वाशीच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी दोन मिनिटांत बघून सांगितलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझे अर्धेच केस विंचरलेले आहेत आणि फणी माझ्या हातात आहे.

आबांना मार्केटमधून कुणीतरी आणलं. ते हमालीच्या कपड्यांतच आले, खांद्यावर कांद्याची सालं. स्ट्रेचरजवळ गेले आणि आईचा पदर नीट केला.

पंचनाम्याला पोलीस आले. हवालदार वयस्कर होते, हळू बोलत होते. रॉड उलटसुलट करून बघितला. वायरमन तिथे होता, तो म्हणाला, आतून चीर गेली असणार, इथल्या पाण्याने होतं असं, आणि अर्थिंग नव्हतं. हवालदारांनी लिहिता लिहिता विचारलं, "रॉड कोणी आणलेला?"

"मी," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले आणि लिहिलं.

पंधरा दिवसांनी ऑफिसला गेले. सगळे चांगले वागले. चेंबूरची मुलगी माझा हात धरून रडली. तिला ती काय बोलली होती ते आठवतही नसेल, आणि आठवावं असं त्यात काही नव्हतंच. साहेबांनी आत बोलावून विचारलं, "घरच्यांचा अपघात विमा काही घेतला होतात का? मला फाइलमध्ये दिसला नाही." मी नाही म्हटलं. आम्ही फक्त आगीचा घेतला होता, बँकेला हवा तेवढा. साहेब म्हणाले, "असो. मी आपलं विचारलं." त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी आमचं घर बघितलं होतं, आईचे पोहे खाल्ले होते.

त्यानंतरचे सहा-सात महिने मी कसे काढले ते सलग आठवत नाही. मी स्वयंपाक करायचे, आबा जेवायचे. आबा थंड पाण्याने अंघोळ करायला लागले. मी गॅसवर पातेलं तापवलं तर म्हणायचे, "तुला घे." त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. मला वाटायचं द्यावा. एखादी शिवी, एखादी थप्पड. ते मार्केटला जात, येत, आणि वरच्या अर्धवट मजल्याच्या पायरीवर बसून राहत. मी रडले नव्हते. हॉस्पिटलमध्ये नाही, दहाव्याला नाही. बायका म्हणायच्या, पोरगी दगडाची आहे. मला वाटायचं, रडण्याचा हक्क आबांचा आहे, माझा नाही.

मग पॉलिसीचं वर्ष भरलं. नूतनीकरणाची नोटीस मीच टाइप केली, आमच्याच पत्त्यावर. सोबत एक कागद असायचा, मागच्या वर्षीच्या माहितीत काही बदल झाला आहे का. रविवारी सकाळी मी तो कागद पुढ्यात घेऊन बसले आणि मला पेन उचलता येईना. बदल झाला आहे का? आबा समोर चहा पीत होते. मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले,

"आबा, दराचं काही नव्हतं ते."

"कशाचं?"

"बंबाचं. पैशाचं मी उगाच म्हणाले. तुम्ही भरायला तयार होतात. मला लाज वाटली होती. ऑफिसात हसले सगळे. म्हणून काढायला लावला मी."

आबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ठाव हाय."

"तुम्हाला?"

"मला नव्हतं. तिला ठाव हुतं. तिनं सांगितलं मला, बंबाचं ठरलं त्याच रातच्याला. तू रोज निघताना ओढनी नाकाला लावून हुंगायचीस. धुराचा वास येतुया का म्हून. ती आतनं बघायची. मला म्हनली, पोरगी चार मानसांत बसती, तिच्या कापडाला माझ्या बंबाचा वास नगं. तुमी मधी बोलू नगासा. म्हून म्हनलं मी धुराचा कटाळा आलाय."

ओढणी मी खरंच हुंगायचे. दरवाज्याच्या आड, कुणी बघत नाही असं बघून. त्याबद्दल मी कधी कुणाला बोलले नव्हते.

"तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी म्हटलं.

"तिनं नगं म्हनलं हुतं." आबांचा चेहरा पहिल्यांदाच हलला. "आनि ती गेल्यावर कसं सांगू? तुला आनखी कशाला मारू?"

मग मी रडले. इतक्या महिन्यांचं. आबा उठून माझ्याजवळ आले, जमिनीवर बसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. गोण्या उचलून त्यांच्या हाताचे तळवे खरखरीत झाले होते, ड्रेसला अडकत होते. तेही रडत होते, पण आवाज न करता. "तुझ्यावर राग न्हाय माझा," ते म्हणाले. "तिचाबी नसनार. पर मला लई आठवन येती गं." लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती त्यांच्या. आईबद्दल एवढं बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

दुपारी काकू जेवण घेऊन आल्या, दारातून आमच्याकडे बघितलं, ताट ठेवलं आणि गेल्या.

मजला पुढच्या वर्षी पुरा झाला. वायरिंग सगळं नवीन केलं, अर्थिंगसकट. वर भाडेकरू ठेवले. आबा मार्केटमधून निवृत्त झाले आणि गावी भावाकडे राहायला गेले. दिवाळीला आणि माझ्या लग्नाला तेवढे आले. लग्नात त्यांनी मला काही द्यायचं म्हणून विचारलं, "बंब देऊ का करून? मिळतो अजून फलटणला." मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर सात वर्षांनी तेही गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता.

कर्ज फिटेपर्यंत दर वर्षी मी त्या घराचा विमा भरत राहिले. घराला कधी काही झालं नाही. ऑफिसात मी स्वतःहून आगीचा विभाग सोडून दुसरीकडे बदली मागितली आणि साहेबांनी कारण न विचारता दिली.

आई कशाने गेली असं कुणी विचारलं तर मी शॉक लागून असं सांगते. माझ्या नवऱ्याला एवढंच माहीत आहे, मुलांनाही. बाकीचं आबांना सांगितलं होतं, त्यानंतर आत्ताच सांगते आहे.